जुन्या गाडीवरचा बोजा कसा ओळखावा आणि कसा उतरवावा

मुळशीत किंवा पुरंदरला चार गुंठ्यांचा तुकडा घ्यायचा झाला, तर पुण्यातला कोणीही माणूस आधी सातबारा मागतो आणि त्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यात एखाद्या सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला आहे का, ते पाहतो. तोच माणूस पाच लाखांची जुनी गाडी घेताना मात्र टायर दाबून बघतो, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, बाणेरपर्यंत एक चक्कर मारतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. वास्तविक गाडीलाही सातबारा असतो. त्याला आपण आरसी म्हणतो, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यातही इतर हक्कांचा रकाना असतो. या लेखात त्या रकान्याचा अर्थ, तो कसा वाचावा, आणि त्यात एखाद्या बँकेचे नाव आढळले तर व्यवहार सोडून द्यावा की नीट मार्गाने पुढे न्यावा, याचा विचार केला आहे.

सोनेतारण कर्जात दागिना बँकेच्या तिजोरीत जातो आणि कर्ज फिटल्यावर परत मिळतो, त्यामुळे तो दागिना मधल्या काळात तिसऱ्याला विकण्याचा प्रश्नच येत नाही. वाहनकर्जात तसे नसते. गाडी कर्जदाराच्या दारात उभी असते, तोच ती चालवतो, आणि बँकेकडे राहतो तो केवळ त्या गाडीवरचा हक्क. मराठीत याला 'नजरगहाण' असा नेमका शब्द आहे. कायद्यात आणि बँकेच्या कागदांवर त्यालाच हायपोथिकेशन म्हणतात, आणि आरटीओच्या आवारात त्याचे नाव 'एचपी' असे पडले आहे. 'एचपी चढवली', 'एचपी उतरवली' ही तिथली रोजची भाषा आहे. ही अक्षरे मूळची हायर पर्चेस या जुन्या पद्धतीची, ज्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालकीच फायनान्स कंपनीकडे राहत असे. आज खाजगी गाड्यांचे बहुतेक कर्ज नजरगहाणाचे असते, पण तोंडातला शब्द जुनाच राहिला आहे.

या हक्काला बळ मिळते ते मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ मुळे. गाडीवर कर्ज घेतले की त्या कराराची नोंद आरसीवर होते, आणि ती नोंद उभी असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून आरटीओला मालकीबदल नोंदवता येत नाही. हप्ते थकल्यामुळे बँकेने गाडी ताब्यात घेतली, तर नवी आरसी स्वतःच्या नावे करून घेण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे मोजले, किल्ली घेतली, गाडी धुऊन हार घातला, तरी नोंद उतरल्याखेरीज किंवा बँकेने लिहून दिल्याखेरीज ती गाडी सरकारदरबारी तुमची होत नाही.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, कारण बहुतेक घोळ तिच्या अज्ञानातून होतात. गाडीच्या कर्जाचा हिशेब दोन वेगवेगळ्या वह्यांत असतो. एक वही बँकेची, म्हणजे कर्जखाते, आणि दुसरी आरटीओची, म्हणजे आरसीवरची नोंद. पहिल्या वहीत शिल्लक शून्य झाली म्हणून दुसऱ्या वहीतली ओळ आपोआप खोडली जात नाही, आणि दुसऱ्या वहीत ओळ नाही म्हणून पहिल्या वहीत येणे नाही, असेही म्हणता येत नाही. दोन्ही वह्या कोऱ्या असतील तर उत्तमच, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. उरलेले तीन प्रकार मात्र एकेक करून पाहावे लागतात.

सर्वाधिक आढळणारा आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी प्रकार म्हणजे कर्ज फिटलेले आहे, पण नोंद तशीच आहे. काही वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत मी सात वर्षांची एक हॅचबॅक पाहायला गेलो होतो. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक होते आणि गाडी त्यांच्या अक्षरासारखी नीटस ठेवलेली होती. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सर्व्हिसिंगची बिले तारखेनुसार लावलेली होती. आरसीचे कार्ड मी उजेडात धरून उलटे केले, तेव्हा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एका फायनान्स कंपनीचे नाव दिसले. "काका, यावर अजून बोजा दिसतोय," असे म्हटल्यावर ते चकित झाले. "अहो, शेवटचा हप्ता जाऊन चार वर्षं झाली. हप्ते संपले तेव्हाच गाडी मोकळी झाली ना?" कंपनीचे ना-हरकत पत्रही त्याच फाइलमध्ये होते, पण त्याच्या तळाशी 'दिनांकापासून तीन महिने वैध' अशी ओळ होती, आणि मधल्या काळात ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. नवे पत्र मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. काकांची लबाडी काडीचीही नव्हती. त्यांनी बँकेची वही मिटवली होती, आरटीओची वही त्यांना कोणी दाखवलीच नव्हती.

अशा गाडीचा व्यवहार करायला हरकत नाही, मात्र बोजा उतरवण्याचे काम विकणाऱ्याने आधी करून द्यावे, हा आग्रह धरावा. त्यासाठी बँकेचे ताजे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. या फॉर्मवर कर्जदार आणि बँक अशा दोघांच्या सह्या असतात, आणि करार संपल्याची ती आरटीओला दिलेली सूचना असते. कर्ज देणारी संस्थाच उरलेली नसेल तर काम थोडे लांबते, पण अडत नाही. पुण्यातल्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला. अशा बँकेच्या किंवा अवसायनात निघालेल्या पतसंस्थेच्या जुन्या कर्जदाराला पत्रासाठी अवसायकाकडे, म्हणजे बंद संस्थेचा कारभार गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जावे लागते. विलीन झालेल्या कंपनीच्या बाबतीत तिची वारस कंपनी पत्र देते.

'एनओसी', म्हणजे ना-हरकत पत्र, या एका शब्दावरूनही गोंधळ होतो, तो येथेच दूर करणे बरे. बँकेची एनओसी बोजा उतरवण्यासाठी असते. आरटीओचीही एक एनओसी असते, ती फॉर्म २८ वर निघते आणि गाडी दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या, विशेषतः दुसऱ्या राज्याच्या हद्दीत न्यायची असेल तेव्हा लागते. विकणारा फोनवर "एनओसी तयार आहे" म्हणाला, तर कोणती, हे विचारावे. त्याशिवाय 'बेबाकी दाखला' हाही वेगळा कागद आहे. त्यात येणे बाकी नाही एवढेच लिहिलेले असते आणि केवळ तेवढ्यावर आरटीओतली नोंद निघत नाही.

आता आरसी वाचायची कशी, ते पाहू. विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो पुरेसा मानू नये, कारण फोटो बहुधा कार्डाच्या पुढच्या बाजूचाच असतो. मूळ कार्ड हातात घ्यावे, चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि मग परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन या अॅपवर गाडीचा नंबर टाकून तिथली माहिती कार्डाशी जुळते का, ते बघावे. कार्डावरची शाई जुनी असू शकते, पण आरटीओचा कारकून काम करताना 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीतलीच नोंद पाहतो, म्हणून तफावत आढळल्यास प्रणालीतली नोंद प्रमाण मानावी. विमा, पीयूसी आणि गाडीवर एखादा शेरा मारून व्यवहार रोखलेला असल्यास तोही तिथेच कळतो. थकलेली ई-चलने राज्याच्या वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर वेगळी तपासावीत. पुण्यातल्या गाडीवर एकही चलन नाही, असे सहसा घडत नाही.

दुसरा प्रकार कर्जही चालू आहे आणि नोंदही आहे, हा. असे दिसताच पुष्कळ जण पाठ फिरवतात, पण माझ्या मते हा प्रकार भीतीचा नाही, कारण यात काहीही लपलेले नसते. फक्त पैशाचा प्रवाह योग्य दिशेने वळवावा लागतो. समजा, गाडी ४,७५,००० रुपयांना ठरली आणि विकणारा म्हणतो की कर्जाचे साधारण दोन लाख दहा हजार बाकी आहेत. 'साधारण' हा शब्द येथे चालत नाही. त्याने बँकेकडून फोरक्लोजरचे, म्हणजे मुदतीआधी कर्ज पूर्ण फेडून खाते बंद करण्याचे, लेखी विवरण आणावे, ज्यात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज, मुदतपूर्व फेडीचे शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि ही रक्कम कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हे सारे वेगवेगळे लिहिलेले असते. २,१०,००० रुपयांवर साडेदहा टक्के व्याज धरले, तर दर दिवसाला सुमारे ६० रुपये वाढतात, त्यामुळे गुरुवारी आणलेला आकडा पुढच्या मंगळवारी अपुरा पडतो आणि खाते तीनशे रुपयांसाठी उघडे राहते. असे उघडे राहिलेले खाते बंद झाले, असे समजून चालणारी माणसे थोडी नाहीत.

ही रक्कम विकणाऱ्याच्या हातात किंवा त्याच्या बचत खात्यात न देता थेट कर्जखात्यात भरावी, आणि शक्य असल्यास दोघांनी मिळून शाखेत जाऊन भरावी. 'बँकेचे मी भरतो, तुम्ही मला द्या' हे वाक्य मनात कपट नसतानाही बोलले जाते, पण पैसा हातात आला की त्याला दुसरी गरज सापडते. उरलेल्या २,६५,००० रुपयांपैकी काही भाग, उदाहरणार्थ पन्नास हजार, बोजा उतरून मालकीबदल नोंदला जाईपर्यंत राखून ठेवावा आणि तसे विक्रीच्या करारात स्पष्ट लिहावे. सर्व व्यवहार बँकेमार्फतच करावा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि तंटा उद्भवल्यास रोख रकमेचा पुरावा उरत नाही.

पैसे भरण्यापूर्वी आणखी एक प्रश्न बँकेला लेखी विचारावा, जो फारसे कोणी विचारत नाही. या कर्जदाराचे तुमच्याकडे दुसरे कर्ज आहे का, किंवा तो कोणाला जामीन आहे का? दुसऱ्या कायदेशीर येण्यापोटी तारण अडवून धरण्याचा हक्क बँकेला असू शकतो. गाडीचे कर्ज शेवटच्या पैपर्यंत फिटले, तरी त्याच माणसाचे क्रेडिट कार्डाचे किंवा वैयक्तिक कर्जाचे पैसे थकलेले असतील, तर गाडीचे ना-हरकत पत्र अडकू शकते, आणि तुम्ही भरलेले दोन लाख तोवर त्या खात्यात विरून गेलेले असतात. म्हणून 'अमुक रक्कम भरल्यावर अमुक गाडीचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देण्यात येईल' एवढे तरी बँकेच्या ईमेलवरून मागून घ्यावे. पत्र वेळेवर मिळण्याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम आता ग्राहकाच्या बाजूचा आहे. १ डिसेंबर २०२३ पासून व्यक्तींना दिलेल्या कर्जांच्या बाबतीत पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे आणि नोंदवलेला बोजा काढणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि विलंब बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ही भरपाई कर्जदाराला मिळते, तुम्हाला नाही, पण शाखेत या नियमाचा नुसता उल्लेख केल्याने कागद हलतो.

तुम्ही स्वतः कर्ज काढून गाडी घेणार असाल, तर तुमची बँक पुष्कळदा ही सगळी कामे आपल्या पद्धतीने करून घेते. जुन्या बँकेचे येणे ती परस्पर चुकते करते, जुना बोजा उतरतो आणि फॉर्म ३४ भरून नव्या बँकेचा चढतो. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा सहसा जास्त असतो, पण एका अनुभवी संस्थेने तुमच्यासाठी कागद तपासले, हा त्यातला फायदा आहे.

तिसरा प्रकार खरा घातक, कारण तो दिसत नाही. कर्ज चालू आहे, पण नोंद नाही. बनावट ना-हरकत पत्र आणि खोट्या शिक्क्यांचा फॉर्म ३५ दाखल करून नोंद काढली गेली, तर असे होते. छोट्या सावकारी संस्थेने नोंदच चढवली नव्हती, तरीही असेच होते. यावर रामबाण उपाय नाही, मात्र खुणा असतात. विक्रीच्या दोनच आठवडे आधी बोजा उतरलेला असणे ही एक खूण. मूळ आरसीऐवजी दुय्यम प्रत असणे आणि मूळ कशी हरवली, याचे उत्तर दर वेळी बदलणे ही दुसरी. तिसरी तपासणी सोपी आणि हुकमी आहे, ती म्हणजे विम्याच्या जुन्या पॉलिसी पाहणे. कर्जाच्या गाडीच्या पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव छापलेले असते. आरसी कोरी आणि चालू पॉलिसीवर मात्र बँकेचे नाव, असे दिसले तर त्या बँकेच्या शाखेत विचारणा करावी, आणि शाखेचा फोन नंबर विकणाऱ्याने दिलेल्या पत्रावरून न घेता स्वतः शोधून काढावा. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याचे मूलतत्त्व असे आहे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला सहसा मिळत नाही. त्यामुळे 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर बँकेपुढे फार काळ टिकत नाही.

याच कायद्याच्या कलम १४ नुसार न सांगितलेला बोजा मालावर नाही, अशी हमी विकणाऱ्याने दिल्याचे गृहीत धरले जाते, म्हणून नुकसानभरपाई मागता येते. मुद्दाम फसवले असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांत देता येते. दोन्ही मार्ग खुले आहेत आणि दोन्ही लांबचे आहेत.

यापेक्षाही लोक उघड्या डोळ्यांनी ज्यात उतरतात, तो व्यवहार म्हणजे 'चालू हप्त्याची गाडी'. विकणारा म्हणतो, मला एक लाख द्या, पुढचे बावीस हप्ते तुम्ही भरा, संपले की गाडी नावावर करून देतो. मग पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी होते आणि कोऱ्या टीटीओ, म्हणजे मालकीबदलाच्या, फॉर्मवर सह्या घेतल्या जातात. हा कागद तुम्हा दोघांत काहीतरी ठरले, याचा पुरावा आहे. बँकेवर तो बंधनकारक नाही, उलट बँकेला न विचारता गाडी दुसऱ्याला देणे हा कर्जाच्या कराराचाच भंग असतो. तुम्ही हप्ता वेळेवर पाठवला आणि त्याने तो भरला नाही, तर वसुलीची माणसे गाडी शोधत तुमच्या पार्किंगमध्ये येतात. त्यांना दमदाटी करण्याचा अधिकार नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे, पण नोटरीचा कागद दाखवून गाडी वाचत नाही. कर्जदाराचे मधल्या काळात निधन झाले, तर तुम्हाला त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावे लागते. विकणाऱ्यानेही यात आनंद मानू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल, मग त्याने ती विकून किल्ली कोणाच्याही हाती दिलेली असो.

मालकीबदलाची पुढची वाट तुलनेने सरळ आहे. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० भरायचा असतो. एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे, असे कायदा सांगतो. एमएच-१२ च्या गाडीचे काम संगम पुलाजवळच्या कार्यालयाकडे आणि एमएच-१४ चे मोशीच्या कार्यालयाकडे असते, पण बोजा उतरवणे आणि मालकीबदल या दोन्ही सेवा २०२१ पासून आधार पडताळणीने घरबसल्या करण्याची सोय आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, ते आधी पाहावे, कारण ती नसेल तर महाराष्ट्रात ही दोन्ही कामे अडतात. विमा १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा आणि त्याच अर्जात जुन्या बँकेचे नाव पॉलिसीवरून काढायला सांगावे, अन्यथा पुढे गाडी पूर्ण निकामी झाली, तर दाव्याच्या पैशावर आधी त्या बँकेचे नाव पुढे येते. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर येत नाही.

गाडी विक्रेत्याच्या यार्डातून घेत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचे प्राधिकारपत्र आहे का, ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार असा अधिकृत विक्रेता ताब्यातल्या गाडीचा मानीव, म्हणजे कायद्याने मानलेला, मालक ठरतो आणि गाडी त्याच्याकडे आल्याची सूचना आरटीओला द्यावी लागते. ती सूचना दिलेली असेल, तर जबाबदार कोण, याचे उत्तर शोधावे लागत नाही. मात्र यार्डात उभी आहे म्हणून गाडीवरचा बोजा उतरलेला असतो, असे नाही, आणि 'आम्ही बघून घेऊ, तुम्ही गाडी घेऊन जा' या आश्वासनावर उरलेली रक्कम सोडू नये.

सारे झाल्यावर काही दिवसांनी स्पीड पोस्टाने नवे कार्ड येते. पुढच्या बाजूला आपले नाव पाहून ते पाकिटात टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा, कार्ड उलटे करावे आणि फायनान्सरच्या जागेवर काय छापले आहे ते वाचावे. ती जागा रिकामी असेल, किंवा तिथे तुमच्याच बँकेचे नाव असेल, तर राखून ठेवलेले पन्नास हजार त्या दिवशी विकणाऱ्याच्या खात्यात पाठवावेत.